द्विविभाजनाचा ठराव

सुरतेच्या गोडादरा भागात बत्तीस खान्देशी कुटुंबांचे एक मंडळ होते आणि त्या मंडळाची एक खोली होती. वीस फूट बाय सोळा फूट, तळमजला, एक दार, एक खिडकी. सणासुदीला तिथे कार्यक्रम होत. एरवी रोज सकाळी दहा ते बारा बालवाडी भरे. बालवाडीला सुषमाताई शिकवत. मुले अकरा. त्यांतली एक माझी, ठकू, वय साडेतीन.

ठकू घरात बोले, घराबाहेर बोलत नसे. घरात ती इतकी बोले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जात. उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला आणि म्हणाले, "काही झालेलं नाही हिला. चार मुलांत सोडा." आम्ही अकरांत सोडली. चौथ्या महिन्यात एके दिवशी सुषमाताईंनी मला दारातच गाठले.

"आज बोलली!"

"काय बोलली?"

"शेजारच्या पोराला म्हणाली, सरक."

तो एक शब्द मी पदरात बांधून घरी आणला. नवऱ्याला मिलमध्ये फोन करून सांगितला, सासूबाईंना गावी फोन करून सांगितला. सासूबाई म्हणाल्या, पहिला शब्द जरा गोड असता तर बरं झालं असतं. पण मला चालत होते. पुढच्या आठवड्यात तिने 'दे' म्हटले आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात 'नाही देत'. म्हणजे समाजात वावरण्यापुरती भाषा तिला आली होती.

ही सर्व प्रगती ज्या खोलीत होत होती, त्या खोलीचे पुढे जे झाले त्यास कारणीभूत झालेली व्यक्ती मी स्वतः आहे, हे प्रारंभीच नमूद करणे इष्ट ठरेल.

त्याचे असे झाले. पावसाळ्यात बालवाडीतल्या अकरापैकी सात मुलांना एकाच आठवड्यात जुलाब लागले. मंडळाच्या कार्यकारिणीने या बाबीची गंभीर दखल घेऊन आरोग्यविषयक व्याख्यान ठेवण्याचे ठरवले. बाहेरचा वक्ता आणला की त्याला शाल-श्रीफळ द्यावे लागते, घरच्याला नुसता चहा चालतो. मी धुळ्याच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, शिवाय मंडळाची सहसचिव. हे पद मला अक्षर बरे असल्यामुळे मिळाले होते. अध्यक्ष भिकन आप्पा तीस वर्षे लूम चालवून निवृत्त झालेले. आयुष्य खडखडाटात गेल्यामुळे समोर एक माणूस असला तरी ते शंभरांना ऐकू जाईल असे बोलतात.

"पोरी, तू शिकेल शे. दोन शब्द सांग. पण मोठ्ठ्यानं सांग!"

मी मोठ्याने सांगितले. ठकूला कडेवर घेऊन सांगितले, कारण तिने गळा सोडला नाही. म्हटले, जिवाणू हा एकाच पेशीचा जीव. त्याला वंश वाढवायचा तर स्थळे बघावी लागत नाहीत, पत्रिका छापावी लागत नाही, मानपानावरून कोणी रुसत नाही. तो आधी आपल्या आतल्या माहितीच्या धाग्याची एक नक्कल काढतो. मग लांब होतो. एक धागा या टोकाला, एक त्या टोकाला. मग मधोमध आवळत जातो, तिथे एक भिंत तयार होते आणि एकाचे दोन होतात. दोन्ही सारखेच. त्यांत मोठा कोण, धाकटा कोण, असा प्रश्न नाही. याला द्विविभाजन म्हणतात. पोटभर खायला आणि पुरेशी ऊब मिळाली तर काही जिवाणूंचा हा सगळा कारभार वीस मिनिटांत उरकतो. सकाळी आठला डब्यात असा एक जिवाणू गेला, तर हिशेबाने संध्याकाळी सहाला एकशे सात कोटी.

'कोटी' या शब्दाला टाळ्या पडल्या. हात धुवा, असे माझ्या व्याख्यानाचे तात्पर्य होते. ते टाळ्यांत बुडाले. चहाच्या वेळी आप्पा माझ्याजवळ आले आणि त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तो फुटस, तरी कमी नही होत?"

"नाही आप्पा. वाढतो."

"आणि भांडण?"

"भांडायला त्याला वेळच नसतो."

आप्पांनी मान डोलावली. ते डोलणे मला तेव्हाच कळायला हवे होते.

दोन महिन्यांनी मंडळाचे वार्षिक स्नेहसंमेलन आले. जेवणात वरण-बट्टी, यावर मतभेद नव्हता. मतभेद बट्टीच्या कृतीवर होता. बट्टी आधी उकडून, कापून मग तळायची, असे आप्पांचे मत. ती गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवायची, असे उपाध्यक्ष भाईदासभाऊंचे. भाईदासभाऊंचे साड्यांच्या लेसचे दुकान आहे आणि त्यांना प्रत्येक गोष्टीची किनार दिसते.

"आप्पा, उकडेल बट्टी म्हणजे आजारी माणसाचं जेवण. वरतून तळली म्हणून काय झालं?"

"भाईदास, मी मायनी उकडेल बट्टीवर मोठा व्हयेल शे!"

"ते दिसतंच आहे."

या शेवटच्या वाक्यानंतर चर्चा तात्त्विक पातळीवर राहिली नाही. संमेलनात शेवटी दोन्ही प्रकारच्या बट्ट्या झाल्या. सभासदांनी दोन्ही प्रकार पोटभर खाऊन आपापली भूमिका कायम ठेवली. सोळा कुटुंबे उकडीकडे, सोळा भाजणीकडे. आम्ही उकडीकडे, कारण माझे यजमान चेतन उधन्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत, तिथे त्यांना आप्पांनी लावले होते.

विशेष सभा बोलावण्यात आली. वेगळे व्हायचे हे सर्वांना मान्य होते. अडचण एकच होती. 'मंडळात फूट पडली' असे इतिवृत्तात लिहिले तर गावाकडे कोणत्या तोंडाने जायचे? अकरा वर्षांचे मंडळ. बत्तीस कुटुंबप्रमुख माझ्या पेनाकडे बघत बसले. बारा वाजून दहा मिनिटे झाली होती, ठकू माझी ओढणी ओढत होती आणि तिची ओढ कशासाठी आहे हे मला कळत होते. फार वेळ हातात नव्हता. मी घाईघाईने लिहिले आणि वाचून दाखवले: "मंडळाची वाढ लक्षात घेता मंडळाचे द्विविभाजन करण्यात येत आहे. यायोगे मंडळांची संख्या दुप्पट होईल."

मग भाईदासभाऊंनी ठराव मांडला आणि आप्पांनी अनुमोदन दिले. दोन महिन्यांत त्यांचे एकमत झालेली ही पहिली बाब. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. मी ठकूला उचलून धावले. तरी उशीर झालाच.

नव्या मंडळाला घटना लागते. भाईदासभाऊंना जुन्या घटनेत काडीचाही बदल नको होता. त्यांचा विरोध बट्टीला होता, घटनेला नव्हता. तेव्हा चार पानांची घटना घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. तीन पाने झाली आणि दुकानदाराने मान वर केली.

"बेन, छेल्लुं पानुं मशीनमां फसाई गयुं. चालशे?"

ठकू दुकानाच्या पायरीवर उताणी पडली होती. समोर लटकलेल्या चॉकलेटच्या माळेवर तिचा दावा होता, आणि येणारी-जाणारी माणसे तिला ओलांडून जात होती.

"चालशे," मी म्हटले.

चौथे पान मशीनच्या पोटातून काळ्या बोळ्याच्या रूपात बाहेर आले. त्यावर कलम एकोणीस होते: मंडळ चालवण्यासाठी किमान अकरा सभासद आवश्यक. आता ते कलम जुन्या घटनेत नव्हते आणि नव्या घटनेतही नव्हते. सजीवांत नक्कल काढताना अशी काही चूक राहिली तर तिला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका वाया जातात, एखादीच पुढे कामाची ठरते. आमची पहिल्याच झटक्यात ठरली. ती लक्षात आली असूनही मी कोणाला बोलले नाही. वाटले, कोण वाचतो घटना!

मग भिंत आली. प्लायवूडची, खोलीच्या बरोबर मधोमध, वाकून जाण्याइतके एक दार ठेवून. बालवाडी दोन्ही मंडळांची मानण्यात आली, आणि मुलांची वाटणी वडिलांच्या बट्टीवरून झाली. सुषमाताई माझ्याकडे आल्या. त्यांनी वीस वर्षे मुले सांभाळली आहेत. मोठ्या माणसांशी बोलतानाही त्या आधी समोरच्याचे नाक पुसलेले आहे ना, ते बघतात.

"धनश्री, मी बसू कुठं?"

"दारात बसा ना."

"दाराच्या अलीकडे का पलीकडे?"

हा प्रश्न संयुक्त समितीकडे गेला. तीन बैठका झाल्या. निर्णय असा की सुषमाताईंची खुर्ची दारातच राहील. तिचे पुढचे दोन पाय भिकन आप्पांच्या मंडळात असतील आणि मागचे दोन भाईदासभाऊंच्या. सुषमाताईंच्या स्वतःच्या पायांबाबत निर्णय राखून ठेवण्यात आला.

ठकू भिंतीच्या या बाजूला आली आणि ज्याला ती 'सरक' म्हणाली होती तो मुलगा त्या बाजूला गेला. प्लायवूडच्या खाली चार बोटांची फट होती. दोघे आपापल्या बाजूला पोटावर झोपत आणि फटीतून एकमेकांना खडू देत. एकदा मी न्यायला गेले तर ठकू गाल जमिनीला टेकून फटीत कुजबुजत होती. मी तशीच उभी राहिले. एक जिवाणूही दुसऱ्याला चिकटून आपल्याजवळचे थोडेसे असे देऊन टाकतो. हे मी व्याख्यानात सांगितले नव्हते. वेळ संपला होता.

इथवर सर्व ठीक होते असे म्हणता आले असते. पण विभागाच्या नगरसेवकांच्या कार्यालयातून प्रत्येक नव्या मंडळाला लोखंडी बाकडी दोन, असा रिवाज होता. भाईदासभाऊंना दोन मिळाली. आप्पांच्या असे ध्यानात आले की आपले मंडळ जुने असल्यामुळे आपल्याला काहीच मिळाले नाही. मंडळ नवे करायचे तर एकच उपाय होता, आणि त्याला काय म्हणतात हे आता सर्वांना ठाऊक होते.

पहिल्या विभाजनाला अकरा वर्षे लागली होती. दुसऱ्याला अकरा आठवडे लागले. यातही आश्चर्य नाही; नव्या भांड्यात पडलेले जिवाणू सुरुवातीला नुसतेच बसून अंदाज घेतात. दुसऱ्या वेळी आप्पांच्या बाजूला बॅनरवर कोणाचा फोटो डावीकडे घ्यायचा, हे कारण झाले. भाईदासभाऊंच्या बाजूला चहा सभेच्या आधी की नंतर, हे. दोनाची चार झाली. तिसऱ्याला अकरा दिवस लागले. चौथ्याला आधण ठेवल्यापासून चहा गाळेपर्यंतचा वेळ पुरला, आणि कारण इतिवृत्तात नोंदवायचे राहून गेले. चाराची आठ, आठाची सोळा. प्रत्येक वेळी घटनेची नक्कल, प्रत्येक वेळी प्लायवूड, प्रत्येक वेळी दोन बाकडी.

आणि प्रत्येक वेळी मी. कारण तो शब्द पहिल्यांदा मी लिहिला होता आणि माझ्या अक्षरातच तो शोभतो, असे सोळाही मंडळांचे मत होते. ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहणे सोडले होते ते माझ्या दारात रांगेने उभे राहत. "वहिनी, जरा आमचं बी करून द्या ना. ते काय म्हणता तुम्ही, द्वि..." मी करून देत असे. एका हातात वरणाची पळी आणि दुसऱ्या हाताने ठराव. नाही कशाला म्हणू? लग्न होऊन सुरतेला आल्यापासून माझ्या शिक्षणाचा कोणाला एवढा उपयोग पहिल्यांदाच होत होता.

पाचव्या विभाजनात बत्तीस कुटुंबांची बत्तीस मंडळे झाली. किमान अकरा सभासद लागतात असे कोणीतरी कुरकुरले. घटना उघडून पाहिली, तसे कुठेच लिहिलेले नव्हते. प्रत्येक मंडळाच्या वाट्याला दहा चौरस फूट आले. त्यात दोन बाकडी बसत नाहीत, म्हणून एक बाकडे दुसऱ्यावर पालथे घालावे लागे. अशी एकूण चौसष्ट बाकडी. मुलांना बसायची सोय म्हणून आलेल्या बाकड्यांमुळे मुलांना बसायला जागा उरली नाही.

शैक्षणिकदृष्ट्या पाहिले तर मुले अकरा आणि खोल्या बत्तीस. हे प्रमाण परदेशातही नसेल. सुषमाताई उंबऱ्यावर उभ्या राहून प्लायवूडवरून ओरडत, "मुलांनो, हत्ती कसा चालतो?" आणि अकरा कप्प्यांतून अकरा हत्ती एकेकटे चालत. आठव्या कप्प्यातल्या हत्तीचा आवाज येत नसे. तो माझा.

"धनश्री, आठ दिवस झाले," सुषमाताई म्हणाल्या, "एक शब्द नाही बोलली. काल मी मुद्दाम खडू काढून घेतला तिच्या हातातून. म्हटलं, रागानं तरी 'दे' म्हणेल. नुसती बघत राहिली."

मी तशीच भिकन आप्पांकडे गेले.

"पोरी, माले बी वाईट वाटस," आप्पा म्हणाले. "पण मी एकटा काय करू? मी आते फक्त एक मंडळना अध्यक्ष शे."

"आप्पा, तुमच्या मंडळात तुम्हीच आहात. तुम्हीच ठरवा, भिंत काढा."

"तरी सभा तर बोलवनी पडस."

"मग बोलवा ना!"

"बोलावेल व्हती. गणपूर्ती नही झाली."

"का?"

"मी जेवाले गयेल व्हतू."

त्यांच्यावर हसायचा अधिकार मला उरला नव्हता. आमच्याही घरात एक मंडळ होते. पाचव्या विभाजनाचा फॉर्म भरायच्या दिवशी चेतन शिफ्टला होते, म्हणून अध्यक्षाच्या रकान्यात मी माझेच नाव लिहिले. चिटणीस म्हणून त्यांचे. त्यांना ते पावती वाचल्यावर कळले.

"मी चिटणीस? मला विचारलं पण नाही!"

"शिफ्ट संपली ना? आता चार्ज घ्या."

"अध्यक्षबाई, आधी भाकरी मिळेल का?"

"लेखी अर्ज करा."

त्यांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत खरोखरच अर्ज लिहिला, मी शेरा मारून मंजूर केला, आणि आम्ही दोघे ठकूला मध्ये बसवून पोट दुखेपर्यंत हसलो. गंमत होती ती. मग चार दिवसांनी छापखान्यातून लेटरहेड आले. वरती ठळक अक्षरांत: अध्यक्षा, सौ. धनश्री चेतन बोरसे, बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र.

त्या कागदाचा वास अजून नवा होता. मी तो धरून आमच्या दहा चौरस फुटांत, पालथ्या बाकड्याच्या पायांमध्ये, ठकूला मांडीवर घेऊन बसले. माझी पदवी याआधी एकदाच छापली गेली होती, लग्नपत्रिकेत. त्यानंतर ती कुठेच आली नाही; लसीकरणाच्या कार्डावर मी 'ठकूची आई' आहे आणि दूधवाल्याच्या वहीत 'बी-विंग, पहिला माळा'. जिवाणूंची एक गोष्ट मी सभेत सांगितली नव्हती. त्यांच्यात आई नसते. एकीच्या दोन झाल्या की पहिली कुठे गेली, असे विचारता येत नाही, दोघी लेकीच. ठकू झाली तेव्हा मी तशी संपले नाही, उरले. पण त्या उरलेल्या भागाचे काय करायचे, हे दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलेले नव्हते. त्या भागाला कोणी नावाने हाक मारीत नव्हते. लेटरहेडने मारली. ठकूने त्या कागदावर बोट फिरवले आणि मी पहिल्यांदाच तिचा हात बाजूला केला. म्हटले, "मळेल."

त्याच आठवड्यात सुषमाताईंनी नोटीस दिली. लेखी नाही, तोंडी. दारात उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "डिंडोलीला एक शाळा मला बोलावते आहे. सोमवारपर्यंत मला अकरा मुलं आणि एक खोली द्या. सबंध खोली. नाहीतर मी चालले."

रविवारी बत्तीस मंडळांची संयुक्त सभा भरली. खोलीत मावणे शक्य नव्हते, म्हणून सोसायटीच्या गल्लीत. चौसष्ट बाकडी बाहेर काढली, तेव्हा त्यांचा पहिल्यांदा उपयोग झाला; प्रत्येक अध्यक्षाला एक बसायला आणि एक पाय ठेवायला. सुषमाताई उभ्याच राहिल्या.

"मला तुमची बट्टी नको," त्या म्हणाल्या. "उकडलेली नको, भाजलेली नको. ही धनश्रीची पोर बोलायला लागली होती. ती परत गप्प झाली. हे तुम्हाला चालतं का, तेवढं सांगा."

सगळ्यांनी ठकूकडे पाहिले. ती माझ्या मांडीवर माझ्या ओढणीत तोंड घालून बसली होती. वरच्या मजल्यावरून कुकरची शिट्टी एखाद्या भाषणासारखी ऐकू आली. मग आप्पा उठले.

"मी सोडस," ते म्हणाले. या वेळी आवाज खरोखरच लहान होता. "लिख पोरी. भिकन बाविस्कर साधा सभासद."

भाईदासभाऊंनी चष्मा काढून पुसला. "मी बी सोडतो. आप्पा, तुमची उकडेल बट्टी वाईट नव्हती. जरा तूप कमी होतं इतकंच."

विसर्जनाचा मसुदा मीच लिहिला. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर अक्षर त्या कागदावर आहे. 'आम्ही खाली सह्या करणारे आपापली मंडळे विसर्जित करून, सर्व पदे सोडून, साधे सभासद म्हणून एकत्र येत आहोत.' कागद बाकड्यावरून बाकड्यावर फिरला. जिवाणू फुटून पुन्हा एक होत नाहीत. आम्ही होत होतो. एकतीस सह्या झाल्या. कोणी अंगठा पुसत होते, कोणी डोळे. सुषमाताई प्लायवूडचे खिळे कोणत्या बाजूने निघतील ते बघायला आत गेल्यासुद्धा.

कागद शेवटी माझ्याकडे आला. सही करण्यापूर्वी मजकूर एकदा वाचून पाहणे हे सहसचिवाचे कर्तव्य असते, म्हणून मी वाचला. 'सर्व पदे सोडून' या शब्दांशी थांबले. पुन्हा वाचला. ठकू मांडीवर जड झाली होती. मी म्हटले, "एक छोटीशी सूचना आहे."

आप्पा म्हणाले, "सांग ना."

"बालवाडीचं सगळं सुषमाताईंवर टाकणं बरं नाही. कोणीतरी समन्वयक हवा. पद नाही हां, नुसती जबाबदारी. मी बघेन. म्हणजे लेटरहेड छापलेलंच आहे, वरचा एक शब्द फक्त बदलावा लागेल, वाया जायला नको."

सूचना वाजवी होती. ती कोणालाच खटकली नाही. भाईदासभाऊ म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे तुमचं. पण छापेल तर माझं बी आहे. पाचशे प्रती."

"मनंबी छापेल शे," आप्पा म्हणाले.

मी घड्याळ पाहिले नव्हते. नंतर इतिवृत्तात वेळ टाकताना लक्षात आले की एका समन्वयकाचे बत्तीस व्हायला वीस मिनिटे लागली. प्रत्येक समन्वयकाने आपापल्या कप्प्यापुरता समन्वय साधावा, असे ठरले. समन्वयाच्या सोयीसाठी प्लायवूड आहे तसे ठेवण्यात आले. सुषमाताई हातात एक उपटलेला खिळा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा ठराव सर्वानुमते मंजूर होत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझे नाक पुसलेले आहे का, ते पाहिले नाही. खिळा माझ्या बाकड्यावर ठेवला, ठकूच्या केसांवरून हात फिरवला आणि गेल्या.

सोमवारी दहा वाजता ठकूने चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मी तिला सांगितले की आजपासून आई शिकवणार. आम्ही आठव्या कप्प्यात जाऊन बसलो. मी हत्ती झाले, कावळा झाले, आगगाडी झाले. तिने सर्व शांतपणे पाहिले, जसे पाहुण्यांकडे बघतात तसे. घरी आल्यावर मात्र ती बोलली, भरभरून बोलली, संध्याकाळपर्यंत. सुषमाताई कुठे आहेत, एवढे सोडून तिने मला सगळे विचारले.

आता वाचक म्हणतील, इतकी कसली हौस! लेकराची गोष्ट होती, आम्ही असतो तर डोळे मिटून सही केली असती. अगदी खरे. आप्पाही असेच म्हणतात आणि भाईदासभाऊही; आमच्याकडे बत्तीसच्या बत्तीस जण असेच म्हणतात, त्यामुळे या एका मुद्द्यावर तरी तुम्ही आमच्यातलेच. नव्या मंडळाचा फॉर्म एकपानी आहे. अध्यक्ष लिहिलेल्या रकान्यात नाव घालून बघा, घरात कोणी नसताना. शाईने नको, पेन्सिलीने. नावापुढे जे काही शिकला असाल तेही लिहा. थोडा वेळ बघत बसा. मग खोडरबर घ्या, आणि मला कळवा.